मंगरूळ नाक्याचा चार्ज

“जमशेदभाऊ, आली का नाई तुमची जकात?”

तुळसाबाईनं नगरपरिषदेच्या पायरीवरूनच हाक टाकली. ती सफाई विभागाची मुकादम. गल्लीच्या पार त्या टोकाला झाडणाऱ्या बाईला ऐकू जावा एवढा तिचा आवाज कमावलेला होता, आणि ऑफिसात शिरताना तो कमी करायचा असतो हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलेल्या जमशेदनं मान वर केली. “वाशिमवरून निघाली म्हन्तेत. रस्त्यात आसंल.”

“परवा बी रस्त्यातच होती. पायी येऊन राह्यली का?”

सगळा व्हरांडा हसला. हा विनोद पंचवीस वर्षांचा होता आणि अजून झिजला नव्हता. गावात येणाऱ्या मालावर जकात घ्यायची पद्धत सरकारनं कधीच बंद केली. नगरपरिषदेची कमाई गेली, तेव्हा सरकार म्हणालं, घाबरू नका, त्या बदल्यात आम्ही दरमहा अनुदान देऊ, त्यातून नोकरांचे पगार करा. कागदावर त्याचं नाव सहायक अनुदान. पण ते नाव ऑफिसात कोणाच्या तोंडी बसलं नाही. पैसे आले की ‘जकात आली’, अडकले की ‘जकात अडकली’. जकात मरून पाव शतक झालं, तरी मुख्याधिकारी मॅडमच्या ड्रायव्हरपासून तुळसाबाईच्या झाडूवाल्या बायांपर्यंत सगळ्यांची चूल तिच्याच नावानं पेटत होती.

आणि त्या सबंध इमारतीत जकातीचा म्हणावा असा एकच माणूस उरला होता. हजेरीपटावर जमशेदच्या नावापुढे अजून ‘नाका शिपाई’ असंच लिहिलेलं असे, आणि त्यापुढे कंसात, ‘पदधारक निवृत्त होताच पद रद्द’. दुसऱ्या कोणाला तो कंस टोचला असता. जमशेद तो नव्या माणसाला आवर्जून सांगायचा. “साहेब गेले तं दुसरे साहेब येते. मी गेलो का जागाच जाते. माह्या खुर्चीवर कोनी बसूच शकत नाई.” खुर्ची नव्हती, स्टूल होतं. पण सांगताना त्याची मान अशी काही ताठ होई की दुरुस्ती करायला कोणाची जीभ वळत नसे.

“उद्या शेवटचा दिवस ना तुमचा?” तुळसाबाई खांबाला टेकून बसली. “मंग घरी सोडाले कोनती गाडी येऊन राह्यली?”

जमशेदच्या हातातला पाण्याचा ग्लास ओठाजवळच थांबला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

या नगरपरिषदेत एक रिवाज होता. तो कोणत्या नियमात लिहिलेला नव्हता, त्यामुळे अगदी काटेकोर पाळला जाई. निवृत्त होणाऱ्याला त्याच्या विभागाच्या गाडीतून, हार घालून, वाजतगाजत घरी पोचवायचं. पाणीपुरवठ्यातला असला तर टँकर, अग्निशमनचा असला तर बंब, सफाईचा असला तर घंटागाडी, धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा लावून. माणसाची नोकरी कशी झाली हे गल्लीतले लोक त्या गाडीवरून ठरवत. मागच्या साली दिवाबत्तीच्या माणसाला शिडीच्या गाडीवर उभं करून नेलं, तर त्याची बायको अजून तेच सांगत फिरते.

जकात खात्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या. स्वतःची गाडी त्याच्याकडे कधी नव्हतीच.

“पाहू ना,” जमशेद म्हणाला आणि उठून आत गेला.

आत आस्थापना विभागात शालिग्रामबाबू पगारपत्रकावर डोकं धरून बसला होता. एके काळी हाच शालिग्राम मंगरूळ नाक्यावर पावत्या फाडायचा आणि जमशेद त्याच्या बाजूला अडसराचा, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या पाइपाचा, दोर धरून उभा असायचा. नाके बंद झाले तेव्हा तिथल्या माणसांकडून विकल्प मागवले गेले. दुसऱ्या कामावर जायला तयार आहे असं लिहून द्या, नवं पद घ्या, बढतीच्या रांगेला लागा. शालिग्रामनं त्याच दिवशी लिहून दिलं. जमशेदनं दिलं नाही. “मी काय लिहून देऊ? का मी आता नाकेवाला नाई म्हून?” त्या एका वाक्यापायी त्याची बढती गेली, ग्रेड गेली, आणि तो होता तिथंच स्टुलावर राहिला.

शिवाय पगाराच्या नियमानं आणखी एक गंमत केली होती. जकात बंद झाल्याचा हुकूम आला, पण जमशेदनं नाका सोडावा असा हुकूम कोणी काढलाच नाही. नेमणुकीची जागा सोडली तर गैरहजेरी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो आख्खा पावसाळा आणि हिवाळा नाक्यावर उभा राहिला. गाडी आली की अडसर वर, गेली की खाली. घ्यायचं काहीच नव्हतं. ट्रकवाले हसत सलाम करून जायचे, आणि जमशेद गंभीरपणे तो सलाम घ्यायचा. शेवटी कोण्या सभेत कोणीतरी विचारलं, मंगरूळ नाक्यावर तो माणूस काय करतो? तेव्हा कुठं त्याला नळाच्या व्हॉल्ववर धाडलं. मग कोंडवाड्यात, मग बंबावर, मग घरपट्टीच्या नोटिसा वाटायला. सगळ्या विभागांत तो राबला, पण कुठलाच विभाग त्याचा झाला नाही.

अडसर तेवढा उभा करून खांबाला बांधून ठेवला होता, आणि नाक्याच्या खोलीत सफाईवाल्यांचे झाडू आणि फिनाईलचे डबे गेले होते. दर जुम्म्याला नमाजाहून येताना जमशेद तिकडे वाट वाकडी करायचा आणि अडसराच्या कण्यात थोडं तेल सोडायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, “करकरते. लोकायले तरास होते.” उभ्या बांधलेल्या पाइपाचा लोकांना कसला त्रास, हे मात्र कोणी विचारलं नाही.

“गाडी?” शालिग्रामनं चष्मा कपाळावर चढवला. “थांब, इचारतो.”

त्यानं फोन फिरवले. पाणीपुरवठा म्हणाला, जमशेद तर बंबावर होता. बंबवाले म्हणाले, तो तर घरपट्टीचा. घरपट्टीवाल्यांकडे गाडीच नव्हती.

“अन् पाह्य, उद्यापासून काम बंद हाये,” शालिग्राम आवाज उतरवून म्हणाला. “पगार नाई तं काम नाई. कोनी ड्रायव्हर चाबीले हात लावनार नाई. मॅडम बी मीटिंगले वाशिमले चालल्या. शाल-नारळ मी देतो ना बावा तुले. गाडी कायले पाह्यजे? घर तं तुह्यं हे राह्यलं.”

“नाई पाह्यजे,” जमशेद म्हणाला. “मी तं अशीच गोष्ट काढली.”

संध्याकाळी घराच्या दारातच त्याचे पाय थबकले. अंगणात चटई टाकून सुलतानबी मोहल्ल्यातल्या बायांबरोबर तांदूळ निवडत होती. उद्याच्या दावतीचे.

“खाला, गाडी कोनती येनार?” शेजारची जोया विचारत होती.

“बंब येईल,” सुलतानबी म्हणाली. सुपातले खडे उडवावे तितक्या सहज. “घंटी वाजवत येईल. तुह्या पोरायले सांगून ठेव, भेतीन नाई तं.”

“बंब तं आगवाल्यायले देतेत ना?”

“यायनं काय कमी आगी इझवल्या? सगळ्या गावाचे पगार यायच्या नाक्याच्या नावानं होतेत. बंब नाई तं काय सायकल येईल?”

बाया हसल्या, तांदळाला लागल्या. जमशेद बाहेर बोळीतच उभा राहिला.

सुलतानबी मंगरूळपीरची. लग्न ठरलं तेव्हा तिचे भाऊ म्हणाले होते, नाकेवाला हाये, पगार थोडा का असेना, वरची कमाई आसंलच. ही वरची कमाई किती ते भावांना लग्नाच्या दिवशीच कळलं. वरात परत येताना सामानाचा टेम्पो नाक्यावर आला. पलंग, भांडी आणि नवंकोरं लोखंडी कपाट. शालिग्राम खिडकीतून म्हणाला, जाऊ दे रे, लग्नाचं सामान हाये. सेहरा बांधलेला नवरदेव खाली उतरला आणि म्हणाला, “कपाट नवं हाये. पावती फाड.” भाऊ चिडले, मामा रुसले, बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. नवी नवरी बुरख्याआड बसून हे सगळं ऐकत होती. पावती फाडली गेली, पैसे नवरदेवानं आपल्या खिशातून भरले, आणि मग त्यानं सेहरा एका हातानं वर धरून दुसऱ्या हातानं स्वतः अडसर उचलला. त्याखालून सुलतानबी या गावात आली.

माहेरी पुढे कित्येक वर्षं यावरून तिची चेष्टा झाली. तिनं ती कधी मनाला लावून घेतली नाही. त्या दिवशी सेहऱ्याच्या फुलांआडून तिला नवऱ्याचा चेहरा दिसला नव्हता. दिसला होता तो दोर ओढणारा हात. त्या हाताबरोबर आपलं निभेल, असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

बाया गेल्यावर तिनं जमशेदच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. “गाडी येईन ना जी?”

“येईन,” जमशेद म्हणाला. ज्यानं नाक्यावर आपल्या सासरच्यांची गय केली नाही, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माल लपवून पुढे नेला.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या लिंबाखाली सगळे संपावर बसले होते. जमशेदनं इस्त्रीचा खाकी ड्रेस घातला होता. तो आता कोणी घालत नसे. शालिग्रामनं त्याला शाल पांघरली, नारळ दिला, चारसहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं कागद पुढे सरकवले आणि जमशेदनं सह्या केल्या.

“चार्ज कोनाले देऊ?” जमशेदनं विचारलं.

“कसला चार्ज?”

“नाक्याचा. चार्ज देल्याबिगर मानूस सुटत नाई. तूच सांगतलं होतं ना?”

शालिग्राम हसणार होता. पण समोरचा चेहरा पाहून त्याचं हसू मिशीतच राहिलं. “जमशेद, पद रद्द होऊन राह्यलं आज. घेनाराच कोनी नाई, तं देशील कोनाले?”

“मंग जाग्यावर देतो,” जमशेद म्हणाला. नारळ पिशवीत टाकून तो पायीच निघाला.

मंगरूळ रस्ता रुंद होत होता. नाक्याच्या खोलीवर ठेकेदारानं चुन्यानं फुली मारली होती, येत्या आठवड्यात ती पडणार होती. अडसर तेवढा जसाच्या तसा उभा. लांबलचक पाइप, त्यावरचे लाल-पांढरे पट्टे पुसट झालेले, मागच्या टोकाला वजनासाठी बांधलेला दगड. जमशेदनं शाल घडी करून ओट्यावर ठेवली. त्याला एवढंच करायचं होतं की दोर सोडून अडसर एकदा खाली घ्यायचा, एकदा वर न्यायचा, बांधायचा आणि घरी जायचं. सुलतानबीला काय सांगायचं ते वाटेत सुचेल.

गाठ सुटली. पाइप खाली आला, आवाज न करता, लोण्यासारखा. जुम्म्याचं तेल वाया गेलं नव्हतं. तो अडसराकडे पाहतच राहिला, आणि तेवढ्यात मागून ब्रेक करकचले.

दुधाची गाडी होती. कोवळ्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. “काका, टोल कवा बसवला इथं?”

जमशेद उत्तर द्यायच्या आत त्याच्या मागे एक ट्रक येऊन थांबला. त्यातून पांढऱ्या मिशांचा धरमसिंग उतरला. हा धरमसिंग नाक्याच्या काळापासून या रस्त्यावर गाडी चालवत होता. खाकी ड्रेस, आडवा अडसर आणि दोर धरलेला जमशेद. त्याचा हात आपोआप खिशातल्या बिलांकडे गेला.

“जमशेदभाई! जकात पुन्हा चालू झाली का बावा?”

नाही म्हणायचं होतं. जमशेदनं तोंडही उघडलं. पण तोंडातून जुनेच शब्द निघाले. “माल काय हाये?”

“हळद,” धरमसिंग सावधान उभा राहून म्हणाला. “शिरपूरची.”

“जाऊ द्या,” जमशेद म्हणाला आणि अडसर उचलला.

दुधाची गाडी गेली, ट्रक गेला. पण धरमसिंगनं पुढच्या चौकात चहा घेतला आणि बातमी तिथंच सोडली. मग ती बातमी काही त्याची राहिली नाही. बाजारात जकात पुन्हा सुरू झाली. किराणावाल्यांनी फोन फिरवले. एकानं आपला साखरेचा टेम्पो गावाबाहेरच थांबवायला सांगितला. दुसऱ्याचं म्हणणं होतं की सरकारनं अनुदान थांबवलं ते यासाठीच. लिंबाखाली संपावर बसलेल्यांपर्यंत ती पोचली तोवर बातमीतल्या नाक्यावर पाच शिपाई आणि एक साहेब बसले होते.

शालिग्राम स्कूटर दामटत आला, तेव्हा नाक्यावर एकटा जमशेद होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्या.

“काय करून राह्यला तू? कोनाच्या आदेशानं?”

“कोनाच्याच नाई,” जमशेद ओशाळून म्हणाला. “चार्ज देऊन राह्यलो होतो. मंग गाडी आली. गाडी आली तं सोडा लागते ना.”

शालिग्रामनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात लांबून घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. गावाकडची बाजू गाड्यांनी तुंबली होती, म्हणून ती कच्च्या रस्त्यानं वळसा घालून बाहेरच्या बाजूनं आली. पुढच्या सीटवर तुळसाबाई, मागे तिच्या बाया. त्यामागे टँकर. त्यामागे बंब, जो संपामुळे नाही तर बॅटरीमुळे महिनाभर जागचा हलला नव्हता आणि आज धक्का मारून आणला होता. जकात पाहायला सगळे आले होते, शेवटी पगार तिचाच खात होते.

तुळसाबाई उतरली. तिनं अडसर पाहिला, ड्रेस पाहिला, ओट्यावरची घडी घातलेली शाल पाहिली. तिला काय कळलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. ती परत गाडीत चढली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. “घे रे, लायनीत घे. शिस्तीनं. जकात हाये.”

घंटागाडी अडसरापाशी येऊन उभी राहिली. सगळे जमशेदकडे पाहू लागले.

“इचारा ना भाऊ,” तुळसाबाई म्हणाली. “आमचा खोळंबा होऊन राह्यला.”

जमशेदनं घसा साफ केला. “माल काय हाये?”

“झाडू, आठ बाया, अन् एक बिनपगारी मुकादम.”

“कुठून आला?”

“तुमच्याच जकातीवर जगून आला, भाऊ.”

हसणं झालं, पण थोडंच. जमशेदनं दोर ओढला. “जाऊ द्या.” घंटागाडी पलीकडे गेली. टँकर आला. “पानी,” ड्रायव्हर म्हणाला, “तुमीच व्हॉल्व खोलून देल्लं.” बंब आला. “काईच नाई माल, आग बी नाई,” बंबवाला म्हणाला, “निस्ती घंटी हाये.” प्रत्येकाला जमशेदनं विचारलं, प्रत्येकाचं ऐकलं, आणि प्रत्येकासाठी अडसर पूर्ण वर नेला, अर्धा कधीच नाही. शेवटी शालिग्राम स्कूटर ढकलत आला.

“माल?”

“काई नाई रे,” शालिग्राम म्हणाला. “एक विकल्प हाये. जुना. लई घाईत देल्ता.”

जमशेदनं दोर ओढला. “त्याच्यावर जकात नाई लागत,” तो म्हणाला. “जाय.”

सगळ्या गाड्या पलीकडे गावाच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. “चला भाऊ,” तुळसाबाई ओरडली, “बसा कोन्यात बी! आज सगळ्या तुमच्याच हायेत!”

जमशेद मात्र हलला नाही. दोर हातात, तो बाहेरच्या बाजूला, गाव आतल्या बाजूला. दोर सोडला तर अडसर खाली येणार, आणि खाली आलेल्या अडसराखालून वाकून जायचं त्याला जमणारं नव्हतं. जन्मभर त्यानं कोणाला वाकून जाऊ दिलं नव्हतं. वर बांधून निघावं, तर नाक्यावरून माणूस आपला आपण जात नाही, त्याला कोणीतरी सोडावं लागतं.

तेवढ्यात त्याच कच्च्या रस्त्यानं एक ऑटो येऊन त्याच्या मागे थांबला. हिरवा नवा सूट, डोक्यावर ओढणी, आणि चेहऱ्यावर भर दुपारचं ऊन. सुलतानबी.

“दावत ठंडी होऊन राह्यली,” ती ऑटोतूनच सुरू झाली. “सारा मोहल्ला बंबाची वाट पाहून राह्यला, अन् कोनी म्हन्ते तुमी रस्ता अडवून बसले…” आणि मग तिनं पलीकडे पाहिलं. बंब, टँकर, घंटागाडी, लिंबाखालचे सगळे लोक. तिनं अडसर पाहिला. ती उतरली आणि सावकाश चालत नवऱ्यापाशी आली.

“कपाट नाई आनलं आज,” ती हळूच म्हणाली.

जमशेदच्या ओठांचा कोपरा हलला. “मंग पावती नाई लागत.”

तिनं हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं दोर तिच्या हातात दिला, एकेक बोट सोडवत. तो जड होता. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि टाचा रोवल्या. अडसर वर गेला, अर्धा, मग पूर्ण.

“व्हा पुढं,” सुलतानबी म्हणाली. “तुमाले मी सोडते.”

जमशेद अडसराखालून ताठ मानेनं पलीकडे गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बंबवाल्यानं तेवढी घंटी एकदा वाजवली, पण ती वाजते का ते पाहण्यासाठी. सुलतानबीनं दोर खांबाला गुंडाळला, तिला आली तशी गाठ मारली, आणि मागोमाग आली.

दोघं घंटागाडीतच बसले. बंब पुन्हा ढकलावा लागणार होता. गाडी वळणावर आली तेव्हा जमशेदनं मागे पाहिलं नाही. त्याचा उजवा हात मांडीवर होता, मूठ अजून तशीच दोरावर असल्यासारखी मिटलेली. सुलतानबीनं ती पाहिली. तिनं आपला हात वरून ठेवला, आणि मूठ उघडायला लावली नाही.